स्टेअरिंग डॅम्पर किट, जुन्या जीपसाठी: पाचपैकी तीन स्टार, तेही मिस्त्रीच्या भरवशावर

आधी स्टार सांगून टाकतो म्हणजे घाईतले लोक सुटतील. वस्तू, म्हणजे स्टेअरिंगचे झटके शोषायला आडवं बसवायचं नळकांडं, म्हणून तीन. 'स्टेअरिंगची थरथर जाईल' या आशेनं घेणार असाल तर शून्य. कारण माझी थरथर खरंच गेली होती, तीन आठवडे मी सगळ्यांना सांगत फिरत होतो की बघा कसा स्वस्तात प्रश्न सुटला, आणि त्याच तीन आठवड्यांत उजव्या चाकाचं किंगपीन बेअरिंग, म्हणजे चाक ज्या आसावर वळतं तिथलं, आतल्या आत मरत होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

गाडी सांगतो. महिंद्राची सीजे थ्री बी, हाय बॉनेटवाली. आमच्या आप्पांनी, म्हणजे थोरल्या चुलत्यांनी, १९८४ ला सरकारी लिलावात घेतलेली. हे मॉडेल अमेरिकेत विलीजनं १९५३ ला काढलं, तिकडं १९६८ ला बंद झालं, आपल्याकडं महिंद्रानं पुढंही चालू ठेवलं. मूळचं हरिकेन पेट्रोल इंजिन आमच्या गाडीतून केव्हाच गेलंय, डिझेल बसवलंय, उसाच्या पट्ट्यात पेट्रोल जीप कोण पोसणार. पुढचा ॲक्सल अखंड, म्हणजे दोन्ही चाकं एकाच सलग नळीच्या दोन टोकांना, पाट्यांवर बसलेला, युद्धातल्या १९४१ च्या जीपचीच औलाद. हे पुराण एवढ्यासाठी की थरथर हा अखंड ॲक्सलवाल्या गाड्यांचा जुना खानदानी रोग आहे, तुमच्या नव्या हॅचबॅकचं स्टेअरिंग ऐंशीला थरथरत असेल तर ते बहुतेक बॅलन्सिंगचं दुखणं, त्यासाठी हा रिव्ह्यू वाचू नका.

सुरुवात झाली ती कराडजवळ कोयनेच्या पुलावर. वेग असेल चाळीस-पंचेचाळीस. पुलाच्या जॉइंटवर पुढचं एक चाक आपटलं आणि स्टेअरिंग हातात असं फडफडायला लागलं की मला वाटलं चाक निखळलं. नुसतं कंप म्हणत नाही मी, बॉनेट डावी-उजवी हलताना दिसत होतं, काच खडखडत होती, शेजारी बसलेल्या आप्पांनी डॅशबोर्डचं हँडल दोन्ही हातांनी धरलेलं आणि मागून एसटी हॉर्न मारतीय. आप्पांनी मला गाडी शिकवताना पहिल्याच दिवशी सांगितलेलं, "अंगठा स्टेअरिंगच्या आत घालायचा नाही, वरनं ठेवायचा." तीस वर्षांनी कळलं का ते. आत असता तर मोडला असता. ब्रेक करकचून दाबला तर अजून वाढतं, ॲक्सलरेटर सोडून दिला, हलका ब्रेक, पंचवीसला आल्यावर एकदम गप्प. जणू काही झालंच नाही. परत वेग घेतला, पुढच्या जॉइंटपर्यंत मस्त, जॉइंटवर चाक आपटलं की परत तांडव.

त्यानंतर मी जे केलं ते सगळेच करतात. टायरच्या दुकानात गेलो. बॅलन्सिंग केलं. कॉम्प्युटर अलाइनमेंटवाल्या पोराच्या मशिनमध्ये या गाडीचा डेटाच नव्हता, त्यानं आपलं टो, म्हणजे चाकांचा पुढून आत असलेला कल, शून्यावर आणून दिलं आणि साडेचारशे घेतले. फरक शून्य, म्हणजे टो इतकाच. मग एका गॅरेजमध्ये दाखवलं, नाव नको, तिथं म्हणले स्टेअरिंग बॉक्स ढिला आहे. स्क्रू आवळून दिला. आता थरथर तीच पण वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येईना, ओढून आणायला लागायचं. वैतागून रात्री मोबाईलवर शोधत बसलो आणि हे किट दिसलं. दोन हजार तीनशे पन्नास रुपये. चित्रात लाल नळकांडं, बाजूला ज्वाळा, 'नो मोअर वोबल'. मागवलं.

आता वस्तूबद्दल. बॉक्सवर कंपनीचं नाव नाही, नुसतं 'युनिव्हर्सल फोर बाय फोर'. आत एक डॅम्पर, म्हणजे आडवा बसवायचा शॉक ॲब्सॉर्बरच. एक टोक टायरॉडला, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्याला, यू क्लॅम्पनं बांधायचं, दुसरं ॲक्सलच्या नळीला. दोन ब्रॅकेट, चार रबर बुश, नट-बोल्टची पुडी, आणि एक कागद ज्यावर फक्त चित्र. डॅम्परचा दांडा चांगला क्रोम केलेला, सील बरं वाटलं, वेल्डिंगही बरं. ब्रॅकेटचा पत्रा जाड आहे. इथपर्यंत तक्रार नाही.

तक्रार नंबर एक, पहिला जो पीस आला तो गॅसवाला निघाला. हे कसं ओळखायचं ते नीट वाचा कारण वर्णनात कुणीच लिहीत नाही. दांडा पूर्ण आत दाबा आणि सोडून द्या. जागेवर राहिला तर ठीक. स्वतःहून हळूहळू बाहेर यायला लागला तर आत गॅसचं प्रेशर आहे, असा शॉक उभा बसवायला उत्तम, स्टेअरिंगला आडवा बसवलात की तो कायम एका बाजूला ढकलत राहणार. माझी गाडी डावीकडं ओढायला लागली, मी परत टायरवाल्याकडं जाऊन हवा चेक करून आलो, पाट्याकडं बघितलं, मग एका मित्रानं हे दाबून बघायचं सांगितलं. परत केला, नऊ दिवसांनी दुसरा आला, तो साधा हायड्रॉलिक, दोन्हीकडं सारखाच जड.

दोन, बसवताना मधोमध धरायचा. चाकं सरळ असताना दांडा बरोबर निम्मा बाहेर पाहिजे, आणि बसवल्यावर पूर्ण डावीकडं पूर्ण उजवीकडं फिरवून बघायचं की नळकांडं टोकाला टेकत तर नाही ना. टेकलं तर पूर्ण वळण मिळणार नाही, आणि रिव्हर्समध्ये जोर लावला तर टायरॉड वाकेल. कागदावर याचा एक शब्द नाही. माझा पहिल्या प्रयत्नात दीड इंच आधीच टेकत होता.

तीन, क्लॅम्पचे बोल्ट मऊ. थोडा जास्त जोर लावला की आटे गेले. मी कराडातून चांगल्या ग्रेडचे आणून टाकले, ऐंशी रुपये.

तर बसवला, पुलावर गेलो, पन्नासनं जॉइंटवरून गाडी काढली आणि काही नाही! नुसता धप्प आवाज. परत आलो, परत गेलो. आप्पांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "मग थरथरत काय होतं ते सापडलं का?" मी म्हणलं, "आप्पा आता थरथरतच नाही तर शोधायचं कशाला?" गप्प बसले.

तीन आठवड्यांनी उंब्रजच्या पुढं हायवेला, साठीच्या आसपास, एका साध्या खड्ड्यात चाक गेलं आणि परत सुरू झालं, या वेळी डॅम्परसकट. आणि थांबायलाच तयार नाही, वीसच्या खाली आल्यावर थांबलं. उतरून बघितलं तर डॅम्परचा क्लॅम्प टायरॉडवर चार बोटं सरकलेला. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये तीसनं घरी आणली.

आप्पांनी मग त्यांच्या जुन्या मिस्त्रींकडं पाठवलं. वय सत्तरीच्या पुढं, गॅरेज म्हणजे आंब्याच्या झाडाखाली पत्र्याची शेड. मी गाडी लावली आणि सांगायला सुरुवात केली, बॅलन्सिंग केलंय, अलाइनमेंट केलंय, डॅम्पर टाकलाय. ते खाली वाकले, लाल नळकांडं बघितलं आणि म्हणले, "मालक, ह्ये आधी काढा. ताप मोजायच्या आधी क्रोसिन देत्यात व्हय?"

पुढचे दोन तास मला जे शिकायला मिळालं त्यासाठी खरं तर मी हा रिव्ह्यू लिहायला बसलोय, किटचं निमित्त.

आधी टायरची हवा. सोळा इंची सहाशेच्या टायरला मी पुढं सव्वीस ठेवतो, टायरवाल्यानं पस्तीस भरलेली, ती कमी केली. मग गाडी सपाट जमिनीवर, चाकं सरळ, इंजिन बंद, जॅक नाही. मला म्हणले बसा आणि स्टेअरिंग डावीकडं-उजवीकडं दोन-दोन बोटं हलवत राहा, जोरात नको, झोपाळ्यासारखं. स्वतः खाली पोत्यावर आडवे झाले. आणि एकेका जोडावर पंजा ठेवत गेले. बघत नव्हते, नुसता हात. या जीपमध्ये स्टेअरिंग बॉक्समधून ड्रॉप आर्म नावाचा हलणारा दांडा निघतो, त्याला ड्रॅगलिंक हा लांब दांडा, ड्रॅगलिंक पुढं जाऊन बेल क्रँकला, म्हणजे पिनवर फिरणाऱ्या मधल्या तुकड्याला, बेल क्रँकपासून दोन टायरॉड दोन चाकांना. म्हणजे हातापासून चाकापर्यंत आठ-नऊ ठिकाणी काहीतरी काहीतरी ढिलं असू शकतं. पद्धत साधी, मागचा भाग हलला आणि पुढचा उशिरा हलला तर मधला जोड गेलेला. स्टेअरिंग फिरतंय आणि ड्रॉप आर्म ढिम्म, तर बॉक्स. ड्रॉप आर्म हलतोय, बेल क्रँक थांबलीय, तर ड्रॅगलिंक. असं करत करत चाकापर्यंत.

मी वरनं रिमवर पट्टी धरून मोजलं तर चाक जरासुद्धा न हलता स्टेअरिंग जवळजवळ तीन इंच फिरत होतं. आणि मजा म्हणजे यात कुठलाच एक जोड फार वाईट नव्हता. ड्रॅगलिंकच्या आत बॉलला दाबून धरणारी स्प्रिंग असते, ती एका टोकाची तुटलेली. बेल क्रँकची पिन झिजून बुशात वरखाली नाचत होती, मिस्त्रींनी टॉमी घालून दाखवलं, क्रँक फिरायच्या आधी आडवी कलते मग फिरते. टायरॉडचा एक एंड ढिला. प्रत्येकाचं थोडं थोडं, बेरीज तीन इंच. गॅरेजवाल्यानं ही सगळी बेरीज एकट्या बॉक्सच्या माथी मारून स्क्रू आवळलेला.

बॉक्सचंही ऐका, कारण ही चूक सर्रास होते. रॉस कंपनीच्या डिझाइनचा हा बॉक्स, आत कॅम आणि त्यात फिरणाऱ्या दोन खुंट्यांचा लिव्हर. कॅम मुद्दाम मधे घट्ट, कडेला सैल असा कापलेला असतो, म्हणून बाजूचा स्क्रू चाकं सरळ असतानाच सेट करायचा. स्टेअरिंग वळवलेलं असताना आवळलात की सरळ आल्यावर तो जॅम होणार, आणि मग माझ्यासारखं वळणानंतर ओढून आणायला लागणार. मिस्त्रींनी चेक नट सोडला, चाकं सरळ केली, स्क्रू हळूहळू आत घेत मधे किंचित जड लागेपर्यंत आणला आणि नट लावला. पाच मिनिटं. हे त्यांनी मात्र सगळ्यात शेवटी केलं, बाकीचे जोड नवे झाल्यावर. मी पहिल्याच दिवशी म्हणत होतो करून टाका, तर म्हणले, "शेंडीपासनं आंगुळ घालत नाय मी, पायापासनं घालतो."

मग जॅक. पुढचा उजवा भाग उचलला, चाक वर आणि खाली धरून, घड्याळातले बारा आणि सहा, हलवून बघितलं. टक टक. मी लगेच म्हणलं व्हील बेअरिंग. ते म्हणले, ब्रेक दाबून धरा. ब्रेक दाबला की हब आणि ॲक्सलचं तोंड एक होतं, व्हील बेअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलाई, असेल तर तो गायब होतो. डाव्या चाकाचा गायब झाला, तिथं खरंच फक्त हबचा नट आवळून घ्यायचा होता. उजव्या चाकाचा तसाच. टक टक. म्हणजे दोष हबमध्ये नाही, त्याच्या मागं, किंगपीनला.

किंगपीन म्हणजे ज्या आसावर चाक डावी-उजवीकडं वळतं तो. या जीपला वर एक आणि खाली एक टेपर रोलर बेअरिंग आहे, वरून-खालून झाकणं, झाकणाखाली पातळ शिम, म्हणजे पत्र्याच्या चकत्या. शिम कमी केल्या की बेअरिंग घट्ट. खालचं झाकण काढलं आणि पहिल्यांदा बाहेर काय आलं तर ग्रीसऐवजी ताक. करडं, पातळ, गंजाच्या वासाचं. नकलच्या, म्हणजे किंगपीनवर चाकासकट वळणाऱ्या भागाच्या, मागचा फेल्टचा सील केव्हाच कुजलेला आणि आम्ही दर पावसाळ्यात गाडी ओढ्यातून घालतोय. मग रेस, म्हणजे रोलर जिच्यात फिरतात ती बाहेरची कडी, निघाली. ती मी घरी आणलीय, टेबलावर ठेवलीय. कणसातले दाणे काढल्यावर मागं जशा खाचा राहतात तशा ओळीनं उभ्या खाचा. गाडीचं बहुतेक आयुष्य सरळ चालण्यात जातं, रोलर तेवढ्या एकाच जागी बसून दणके खातात आणि त्या जागी स्वतःची घरं करतात. मिस्त्री म्हणले, डोळे मिटा आणि बेअरिंग त्यात बसवून बोटानं फिरवा. फिरवलं, बरोबर सरळच्या जागी खट्टकन् बसतंय. आणि वरच्या झाकणाखाली, हे मला अजून हसू येतं, कुणीतरी शिमच्या जागी पावडरच्या डब्याचा पत्रा कापून घातलेला. गुलाबी फुलं दिसत होती त्यावर. आप्पा म्हणले मी नाही. मग कोण.

एवढ्याशा ढिलाईनं अख्खी गाडी का नाचावी, हा माझा प्रश्न होता. उत्तर मला भोवऱ्यावरून कळलं. जोरात फिरणारा भोवरा एका बाजूला कलवायला गेलात तर तो कलतच नाही नुसता, आडवा सरकतो. फिरणारं चाक म्हणजे भोवराच. अखंड ॲक्सलचं एक चाक जॉइंटवर उचललं की ॲक्सल कलतो, दोन्ही चाकं कलतात, आणि कलली की आपोआप एका बाजूला वळू बघतात. जोड घट्ट असतील तर तिथंच थांबतं. ढिले असतील तर चाक ढिलाईच्या टोकापर्यंत जाऊन आपटतं, परत येतं, पलीकडं आपटतं, आणि त्या गाडीचा स्वतःचा जो झोका असतो त्याच्याशी वेग जुळला की झोका वाढतच जातो. म्हणून ठराविक वेगालाच होतं. १९२० च्या दशकात जाड बलून टायर आणि पुढच्या चाकांना ब्रेक आले तेव्हा जगभरच्या मोटारी अशाच नाचायला लागल्या होत्या, पुढची चाकं एकमेकांपासून सुटी करण्यामागचं एक मोठं कारण हेच. लष्कराच्या जीपला मात्र दणकटपणा आणि चारही चाकांना ओढ हवी होती, ॲक्सल अखंडच राहिला.

डॅम्पर या झोक्याला तेलात बुडवतो. झोका मरतो, ढिलाई तशीच. उलट पूर्वी ढिलाई थरथरून सांगत तरी होती.

सामान जमवायला चार दिवस गेले. किंगपीनचं बेअरिंग ११५९० आणि त्याची रेस ११५२०, हे आकडे लिहून ठेवा, दुकानात 'जीपचं किंगपीन' असं म्हणलं की काहीही हातात देतात, आकडा सांगितला की काम होतं. चार सेट लागतात, दोन्ही बाजूंना, आणि एका बाजूचं गेलंय म्हणून एकाच बाजूचं बदलायचं नाही. रेस वेगळी आणि बेअरिंग वेगळ्या मेकचं हे पण नको. बेल क्रँकचा बुश तयार मिळाला तो पिनवर ढिला, शेवटी कोल्हापूरला उद्यमनगरात गनमेटलचा करून आणला, तिथल्या टर्नरनं पिन हातात घेऊन मायक्रोमीटर लावला आणि पिनसुद्धा ओव्हल झालीय म्हणाला, मग पिनही नवी. फेल्ट, शिम, टायरॉडचे चारही एंड, ड्रॅगलिंकची स्प्रिंग आणि सीट. सगळं मिळून सात हजार आठशे, मजुरी साडेतीन हजार. म्हणजे डॅम्परच्या पाचपट जवळजवळ, हे प्रामाणिकपणे सांगतो, म्हणूनच लोक डॅम्पर घेतात.

बसवताना एक गोष्ट बघण्यासारखी होती. शिम किती घालायच्या हे मिस्त्रींनी अंदाजानं ठरवलं नाही. पोराला पाठवून शेजारच्या भंगारवाल्याचा ताणकाटा आणला, तोच, हुकाला पोतं अडकवून वजन करतात तो. टायरॉड सुटा, सील नाही, नकलच्या आर्मच्या भोकात हुक घालून ओढायचं, नकल हलत्या ठेवायला काटा किती दाखवतो ते बघायचं. शिम काढायची, झाकण आवळायचं, परत ओढायचं. सहा वेळा केलं. वरच्या आणि खालच्या शिमची जाडी सारखी ठेवत होते, नाहीतर आतला जॉइंट मधोमध राहत नाही. शेवटी दोन्ही बाजू काट्यावर सारख्या आल्या. नकल आता स्वतःच्या वजनानं पडत नव्हती, हातानं फिरवली की लोण्यातून सुरी फिरवल्यासारखी जड आणि गुळगुळीत. हा जो किंचित जडपणा, तोच या गाडीचा मूळ डॅम्पर, कंपनीनं फुकट दिलेला.

ड्रॅगलिंकचा प्लग आत पूर्ण आवळून बेल क्रँककडच्या टोकाला अर्धा फेरा मागं आणि बॉक्सकडच्या टोकाला एक फेरा मागं, मग नवी स्प्लिट पिन. जुनी वाकवून परत घातली तर मिस्त्री शिव्या देतात.

शेवटी कॅस्टर. रुग्णालयातल्या स्ट्रेचरचं पुढचं एखादं चाक कॉरिडॉरमध्ये फडफडत असतं बघा, तोच प्रकार. किंगपीनचा वरचा भाग मागं कललेला असला तर चाक मागं ओढलं जातं आणि सरळ राहतं. या जीपला तीन अंश लागतो. आमचं डिझेल इंजिन जड, पुढचे पाटे चपटे झालेले, नाक खाली गेलेलं, त्यामुळं कॅस्टर पण गेला. किंगपीनच्या झाकणावर मोबाईल ठेवून लेव्हल ॲपनं बघितलं तर जेमतेम एक. मिस्त्रींना मोबाईलवर विश्वास नव्हता, त्यांनी ओळंबा लावला, उत्तर तेच आलं, मग मोबाईलकडं जरा आदरानं बघितलं. पाटा आणि ॲक्सलच्या मधे दोन अंशाची पाचर घातली, जाड बाजू पुढं. जास्त पण घालायची नाही, नाहीतर डिफरन्शियलचं तोंड खाली जाऊन प्रॉपेलर शाफ्टचा जॉइंट कुरकुरतो. यू बोल्ट नवे. टो दोरी आणि खडूनं, पुढं दोन मिलिमीटर कमी. मॅन्युअलात साधारण सव्वा ते अडीचच्या मधे सांगितलंय. शून्य नाही, अलाइनमेंटवाल्या पोरा.

संध्याकाळी डॅम्पर न लावताच पुलावर गेलो. आप्पा शेजारी, हँडल धरून. चाळीस, काही नाही. पन्नास, काही नाही. साठ. जॉइंटवर धप्प, आणि स्टेअरिंग हातात नुसतं एकदा हललं आणि जागेवर आलं. आप्पांनी हँडल सोडलं आणि तंबाखूची डबी काढली. रिमवरचा तीन इंचाचा प्ले पाऊण इंचावर आलाय, जुन्या बॉक्सचा कॅम मधे झिजलेला आहे त्यामुळं यापेक्षा कमी होणार नाही असं मिस्त्री म्हणले, बॉक्सचं पुढच्या वर्षी बघू.

मग डॅम्पर परत लावला की नाही? लावला. पंधरा दिवसांनी, पैसे दिलेत म्हणून. आणि आता त्याचं खरं काम कळतंय. शेताच्या वाटेला दगडावर चाक चढलं की स्टेअरिंग मनगटाला जो झटका देतं तो बराच कमी झालाय. नांगरलेल्या रानात हात दुखत नाहीत. मोठे टायर घातलेत त्यांना तर हवाच, हरियाणातल्या मंडी डबवालीहून बांधून येणाऱ्या जीपांसारखे रुंद टायर असतील तर नक्की घ्या. उलट बाजू म्हणजे जागेवर स्टेअरिंग थोडं जड झालं आणि वळणानंतर सरळ यायला किंचित वेळ लावतं. हायवेला मला फरक जाणवत नाही.

घ्यायच्या आधी एवढं करा. गाडी सपाटीवर लावा, घरातल्या कुणालातरी स्टेअरिंग हलवायला बसवा आणि खाली जाऊन जोडांवर हात ठेवा. बारा-सहा धरून चाक हलवा, ब्रेक दाबून परत हलवा. याला पैसे पडत नाहीत, पाठ मळते फक्त. यातून काही सापडलं नाही तर खुशाल मागवा, आणि आला की दांडा दाबून सोडून बघा.

डिलिव्हरी वेळेत होती, पीस बदलून देताना कटकट केली नाही, पण बदली यायला नऊ दिवस लागले. चौथा स्टार द्यायचा मनात होतं पण किटमधले सगळे नट-बोल्ट मिलिमीटरचे आणि जीपचे सगळे इंची, त्यामुळं आता एका ॲक्सलसाठी मला पान्यांच्या दोन पिशव्या न्याव्या लागतात, आणि तेरा नंबरचा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर बसतो पण बाकीच्यांवर नाही.